परिचारिकांची वही : प्रतिजैविकांचा अभ्यास जवळून पाहताना



अहवालाच्या या पानांवर दरवर्षी रुग्णालयाच्या एखाद्या विभागाचा परिचय करून देण्याची आपली प्रथा आहे. शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष, रुग्णवाहिका असे विषय आजवर येऊन गेले. यंदा ज्या विषयाची निवड केली आहे त्यास विभाग म्हणता येणार नाही, कारण तो एका वहीत मावतो. सिरसाळा येथील आपल्या रुग्णालयात प्रात्यक्षिकासाठी येणाऱ्या परिचर्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनी औषधशास्त्राच्या परीक्षेसाठी जी वही ठेवतात, तिच्यातील प्रतिजैविकांच्या प्रकरणाविषयी येथे लिहीत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्च, साठा नोंदवही आणि लेखापरीक्षण हे आमचे क्षेत्र. तेव्हा वैद्यकीय विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, परीक्षेच्या आधीचे काही आठवडे ही वही आमच्याच हातात होती.

घडले ते असे. सायंकाळी वीज गेली की इन्व्हर्टरचा दिवा आमच्या कार्यालयालगतच्या अभिलेख कक्षात लागतो. त्यामुळे मुली तेथेच अभ्यासाला बसत. घोकंपट्टीचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येई. एकदा त्यांच्यापैकी एकीने संकोचत विचारले, "सर, तुम्ही फक्त वहीत बघून प्रश्न विचाराल का? आम्ही आमच्यातच विचारलं की उत्तर आधीच ओठांवर येतं." त्या दिवसापासून दिवसाचा हिशेब मिटवल्यावर तासभर आम्ही प्रश्न विचारू लागलो. उत्तर बरोबर की चूक हे समजण्यासाठी उत्तर वाचावे लागे, आणि वाचलेले समजण्यासाठी मुलींनाच विचारावे लागे. अशा रीतीने पन्नाशी उलटल्यावर आमचे शिक्षण सुरू झाले.

वहीच्या पहिल्याच पानावर पेनिसिलिनची कथा आहे. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या तबकडीत बुरशी पडली आणि तिच्या भोवतालचे जिवाणू नाहीसे झाले, एवढे बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. त्यापुढचा भाग मात्र आम्हांस नवा होता. १९४१ साली ऑक्सफर्ड येथील अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायास जंतुसंसर्गासाठी पेनिसिलिन देण्यात आले. तो झपाट्याने सुधारू लागला. पण त्या वेळी जगात पेनिसिलिन होतेच मुळी चिमूटभर. त्याच्या मूत्रातून ते औषध परत गाळून काढून त्यालाच पुन्हा टोचण्यात आले, तरी ते पुरले नाही आणि तो दगावला. आज आपल्या औषधभांडारात ज्या औषधाची खोकी रचून ठेवलेली असतात, ते एकेकाळी थेंबाथेंबाने परत मिळवावे लागत असे, हे वाचून साठा नोंदवहीकडे पाहण्याची आमची दृष्टी थोडी बदलली.

महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. स्वातंत्र्यानंतर देशाने स्वतःचे पेनिसिलिन स्वतः बनवावे, म्हणून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. याच कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधलेल्या एका बुरशीनाशक औषधाचे नाव कंपनीच्याच आद्याक्षरांवरून हॅमायसिन असे ठेवले गेले. टेट्रासायक्लिन गटातील पहिले औषध, ऑरिओमायसिन, अमेरिकेतील ज्या लेडर्ले प्रयोगशाळेतून १९४८ साली बाहेर आले, तेथील संशोधनाची धुरा आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. परीक्षेत यावर गुण नाहीत. तरीही मेट्रनबाईंनी हे मुलींना आवर्जून सांगितले, आणि आम्हीही येथे आवर्जून नोंदवीत आहोत.

आता मूळ विषयाकडे वळू. प्रतिजैविके शंभराहून अधिक असतील. मुलींनी ती कशी लक्षात ठेवावीत? वहीत त्यांची मांडणी औषधाच्या नावावरून केलेली नाही. ते औषध जिवाणूच्या कोणत्या भागावर घाव घालते, यावरून केलेली आहे. ही मांडणी आमच्यासारख्या त्रयस्थालाही पटण्यासारखी आहे. जिवाणूच्या पेशीभोवती एक भक्कम भिंत असते. मनुष्याच्या पेशीला अशी भिंत नसते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रायाक्झोन, मेरोपेनेम, व्हँकोमायसिन ही सारी मंडळी त्या भिंतीचे बांधकाम बंद पाडतात. गवंडी काम सोडून गेला की अर्धवट भिंत जशी ढासळते, तसा तो जिवाणू फुटतो आणि आपल्या पेशींना भिंतच नसल्यामुळे त्यांना झळ लागत नाही. औषध जंतूला मारते आणि रुग्णाला का मारत नाही, या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर आम्हांस यापूर्वी कोणी दिले नव्हते.

दुसरा घाव जिवाणूच्या प्रथिने बनविण्याच्या कारखान्यावर पडतो. त्यास रायबोसोम म्हणतात. येथे मात्र आमच्यात आणि मुलींत मोठा वाद झाला. वहीत लिहिले होते की, जिवाणूच्या रायबोसोमचे दोन भाग असतात, एक ३० एसचा, दुसरा ५० एसचा, आणि दोन्ही मिळून ७० एस. तीस आणि पन्नास यांची बेरीज ऐंशी होते हे आम्ही चाळीस वर्षे जाणतो. आम्ही लाल शाईने दुरुस्ती करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात मेट्रनबाईंनी हात धरला. 'एस' हे वजनाचे माप नसून द्रवात तळाशी बसण्याच्या वेगाचे माप आहे, आणि वेगांची बेरीज अशी होत नसते. मनुष्याचा रायबोसोम ८० एसचा असतो. म्हणजे आम्ही केलेली दुरुस्ती जिवाणूला माणूस करून गेली असती. जेंटामायसिन, अमिकासिन आणि टेट्रासायक्लिन गट तीसच्या भागावर काम करतात. क्लोरॅम्फेनिकॉल, एरिथ्रोमायसिन, लिनेझोलिड पन्नासच्या भागावर. इंग्रजी पुस्तकांतून शिकणारे विद्यार्थी हे 'तिसाला खरेदी, पन्नासाला विक्री' अशा अर्थाच्या एका वाक्यावरून लक्षात ठेवतात असे कळले. वाणिज्य शाखेच्या माणसाला यापेक्षा अधिक काय हवे?

उरलेले गट थोडक्यात सांगता येतील. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे जिवाणूच्या डीएनएची गुंडाळी सोडविणाऱ्या विकरास अडवितात, रिफॅम्पिसिन त्याच्या पुढची नक्कल थांबविते, सल्फा गटातील औषधे जिवाणूला फोलिक आम्ल बनवू देत नाहीत, आणि कोलिस्टिन त्याचे आतील आवरणच फाडते.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सर्दी, पडसे, साधा फ्लू हे विषाणूंचे आजार. विषाणूला ना भिंत असते ना स्वतःचा रायबोसोम. मग या औषधांनी घाव घालावा तो कशावर? "डॉक्टरांनी नुसती तापाची गोळी दिली, जोराचे काहीच दिले नाही," ही तक्रार आमच्या तक्रारपेटीत वरचेवर येते. तक्रार करणाऱ्यांचा रोष आम्ही समजू शकतो. सकाळपासून बस पकडून, रोजगार बुडवून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत जाणे जड जाते. पण डॉक्टरांनी 'जोराचे' न देणे हाही विचार करून केलेला उपचारच असतो.

वहीचा सर्वांत जाड भाग दुष्परिणामांचा आणि परिचारिकेने घ्यावयाच्या दक्षतेचा आहे. परीक्षेत गुणही तेथेच मिळतात आणि वॉर्डात प्राणही तेथेच वाचतात. पेनिसिलिन देण्यापूर्वी पूर्वी कधी पुरळ, सूज, धाप असे काही झाले होते का, हे विचारावयाचे आणि उत्तर केसपेपरवर लाल शाईने लिहावयाचे. इंजेक्शनच्या ट्रेमध्ये अॅड्रेनालिन असलेच पाहिजे. तीव्र प्रतिक्रिया आल्यास प्रौढ व्यक्तीस अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, विनाविलंब. बेंझाथिन पेनिसिलिन फक्त खोल स्नायूत, शिरेत कधीही नाही. व्हँकोमायसिन सलाईनमधून किमान तासभर सावकाश. घाई केली तर रुग्णाचे अंग लालबुंद होते. सेफ्ट्रायाक्झोन कॅल्शियम असलेल्या सलाईनबरोबर मिसळावयाचे नाही. डॉक्सिसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावयाची आणि लगेच आडवे व्हावयाचे नाही, नाहीतर अन्ननलिकेस व्रण पडतो. दूध, लोहाच्या गोळ्या आणि पित्ताचे औषध यांच्याबरोबर ती घेतली तर अंगी लागत नाही. औषध दुधाबरोबर द्यावे ही आपल्या घरोघरची समजूत. या एका ओळीने ती मोडीत निघाली.

लहान मुलांच्या पातळ औषधाचाही उल्लेख केला पाहिजे. भुकटीच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावयाचे असते. अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचे मिश्रण असलेले औषध एकदा कालवल्यावर शीतकपाटात ठेवून सात दिवसांतच संपवावे लागते. ज्या घरात शीतकपाट नाही, किंवा आहे पण भारनियमनामुळे अर्धा दिवस बंद असते, त्या घरातल्या आईने काय करावे, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने वर्गात विचारला. पुस्तकात उत्तर नव्हते. मेट्रनबाई म्हणाल्या, "आधी विचारायचं, घरात फ्रीज आहे का. नसेल तर डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे ते दुसरं औषध लिहितील किंवा विरघळणाऱ्या गोळ्या देतील. विचारल्याशिवाय बाटली हातात द्यायची नाही." हा प्रश्न आता आमच्या बालरुग्ण केसपेपरवर छापला आहे.

वेळेच्या बाबतीत आमचा स्वतःचा गैरसमज दूर झाला. दर आठ तासांनी म्हणजे सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. 'न्याहारी, जेवण, जेवण' असा त्याचा अर्थ नव्हे. पेनिसिलिन गटाचे काम रक्तातील त्याची पातळी किती वेळ टिकते यावर चालते. पातळी घसरली की उरलेले जंतू पुन्हा माना वर काढतात. अमिकासिनचे उलट आहे. त्याचा एकदाच दिलेला मोठा डोस अधिक परिणामकारक आणि मूत्रपिंडांना कमी त्रासदायक ठरतो. झोपलेल्या रुग्णाला रात्री दहाला किंवा पहाटे सहाला सिस्टर उठवतात याबद्दल नातेवाईक नाराज होतात. त्यांनी कृपया हे ध्यानी घ्यावे. तसेच शस्त्रक्रियेपूर्वी तासाभराच्या आत दिलेली प्रतिजैविकाची एक मात्रा बऱ्याच स्वच्छ शस्त्रक्रियांना पुरेशी असते. "ऑपरेशननंतर एकही इंजेक्शन नाही, पैसे वाचवता काय?" असे आम्हांस विचारण्यात आले होते. पैसे वाचतात हे खरे, पण त्यासाठी तसे केलेले नसते.

आता एक प्रसंग सांगणे क्रमप्राप्त आहे. तो अहवालात यावा की नाही यावर विश्वस्त मंडळात चर्चा झाली आणि तो यावा असे ठरले. चूक आमची होती.

अमिकासिन हे इंजेक्शन एकाच आकाराच्या, दोन मिलिलिटरच्या व्हायलमध्ये निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. आपल्याकडे दोन मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेली व्हायल घेतली जात असे. खरेदीच्या वेळी दरपत्रके तुलनेला घेतली असता ५०० मिलिग्रॅमची व्हायल दर मिलिग्रॅमला बरीच स्वस्त पडते असे आम्हांस दिसले, आणि आम्ही ती मागविली. लेखापरीक्षकांनी अशा खरेदीचे कौतुकच केले असते. जुन्या व्हायल संपत आल्या होत्या, नव्या त्याच खणात ठेवल्या गेल्या. खोके जवळपास सारखे, झाकण सारखे, औषधाचे नाव तर एकच.

बारा किलो वजनाचे एक मूल मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी दाखल होते. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याला १८० मिलिग्रॅम द्यावयाचे होते. जुन्या व्हायलमधून ते १.४४ मिलिलिटर होते, आणि वॉर्डात सर्वांच्या तोंडी आदल्या दोन दिवसांचा तोच आकडा होता. त्या सायंकाळी सिरिंज भरण्याचे काम ज्या विद्यार्थिनीकडे आले तिने आकडा ऐकला, व्हायल हातात घेतली आणि थांबली. खणातून काढताना, औषध ओढताना आणि व्हायल परत ठेवताना असे तीनदा लेबल वाचावयाचे असते, हे तिने आदल्याच रात्री आम्हांस म्हणून दाखविले होते. लेबलावर ५०० होते. तिने केसपेपरच्या मागील बाजूस त्रैराशिक मांडले. पाचशे मिलिग्रॅम दोन मिलिलिटरमध्ये, तर एकशेऐंशी किती मिलिलिटरमध्ये? उत्तर ०.७२. सांगितलेल्या आकड्याच्या बरोबर निम्मे. ती ज्येष्ठ परिचारिकेकडे गेली. त्यांनी प्रथम तिला घाई करण्यास सांगितले, मग लेबल पाहिले, मग खुर्चीवर बसल्या.

त्या मुलाला योग्य मात्रा मिळाली व ते यथावकाश बरे होऊन घरी गेले. दुप्पट मात्रा एकदा गेल्याने काय झाले असते हे सांगता येत नाही. पण ही मात्रा आठवडाभर चालावयाची होती. हे औषध मूत्रपिंडांना आणि कानाच्या आतील भागाला इजा करते, आणि कानाची इजा भरून येत नाही, असे त्या वहीत आम्ही स्वतः अनेक वेळा मोठ्याने वाचले होते. वाचताना आमच्या हे ध्यानी आले नाही की, त्या ओळीचा आमच्या खरेदी आदेशाशी काही संबंध आहे. आता खरेदी समितीवर मेट्रनबाई सदस्य आहेत. एका औषधाची एकच तीव्रता ठेवली जाते. दुसरी अपरिहार्य असेल तर ती वेगळ्या खणात, पिवळी पट्टी लावून. दरपत्रकाच्या तुलनात्मक तक्त्यात किमतीच्या आधीचा रकाना तीव्रतेचा आहे.

याच ओघात आणखी एक कबुली द्यावयाची आहे. मागील कित्येक अहवालांत औषधविक्रीची वाढ ही आम्ही रुग्णालयाच्या प्रगतीची खूण म्हणून दाखवीत आलो. त्या वाढीत प्रतिजैविकांचा वाटा मोठा होता. वही वाचल्यावर त्या आकड्यांकडे अभिमानाने पाहणे कठीण झाले. कारण प्रतिजैविक हे असे औषध आहे की जे एका रुग्णाला गरजेविना दिले तर दुसऱ्याच रुग्णाच्या उपयोगी पडेनासे होते. रक्तदाबाच्या गोळीचे तसे नाही. औषधापुढे दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच वंशवाढ होते. काही जंतू औषध कापून टाकणारे विकर बनवतात, आणि ते बनविण्याची कृती शेजारच्या जंतूला देऊनही टाकतात. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनीच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याची सूचना देऊन ठेवली होती. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्या वेळी तपासता येणाऱ्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले होते, आणि २०१२ च्या आरंभी त्यावरून देशभर खळबळ माजली होती. सरकारला ती संज्ञा मान्य झाली नाही. रुग्ण मात्र होते.

शासनाने काही पावले उचलली आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार सेफ्ट्रायाक्झोन, मेरोपेनेम, तसेच क्षयाची औषधे विकताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. २०१६ साली लाल रेघेची मोहीम झाली. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन मिसळण्यास २०१९ मध्ये बंदी आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली. सहज वापरावीत अशी, जपून वापरावीत अशी आणि अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवावीत अशी. आपल्या औषधभांडारातील फळ्यांची रचना आता याच क्रमाने केली असून राखीव गटाच्या कपाटास कुलूप आहे. किल्ली आमच्याकडे नाही, प्रमुख डॉक्टरांकडे आहे.

आपल्या भागाची अडचण मात्र कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे ऊसतोडणीला निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सीमेपलीकडे कर्नाटक. प्रतिजैविकांविषयी जागृतीचा जागतिक सप्ताह १८ ते २४ नोव्हेंबर या काळात पाळला जातो. नेमके त्याच सुमारास आमचे रुग्ण बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये, मुकादमाच्या ट्रकमध्ये असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता थांबू शकत नाही. सात दिवसांचे औषध लिहून दिलेल्या बाईला तिसऱ्या दिवशी निघावे लागते. क्षयरोग्याचा प्रश्न याहून बिकट. त्याला किमान सहा महिने रोज गोळ्या घ्यावयाच्या असतात.

ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या त्या वेळच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. यामागे कारणे अनेक आहेत, सगळी वैद्यकीयही नाहीत. पण उन्हात, पाण्याच्या टंचाईत, शौचालयाविना काम करणाऱ्या स्त्रीचे अंगावरून पांढरे जाणे आणि ओटीपोट दुखणे यांच्या मुळाशी पुष्कळदा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो वेळीच ओळखला तर काही दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो, हे त्या वहीतल्या मेट्रोनिडाझोल व डॉक्सिसायक्लिनच्या पानावर लिहिलेले आहे. हे पान आम्ही वाचले त्या दिवशी कोणी प्रश्न विचारले नाहीत. पाचपैकी तीन मुलींच्या आया ऊसतोडणीला जाऊन आलेल्या आहेत.

या पार्श्वभूमीवर मुलींनी एक काम स्वतःहून केले. क्षयाच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. रिफॅम्पिसिनमुळे तसे होते व ते धोक्याचे नाही. पण आधी सांगितले नाही तर माणूस 'रक्त जाते' म्हणून घाबरून औषध सोडतो. याच औषधामुळे कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही बायकांना कोणी सांगत नाही. एथॅम्ब्युटॉल चालू असताना रंग ओळखण्यात फरक पडला तर ताबडतोब दाखवावयाचे. अशा दहा-बारा गोष्टी मुलींनी आपल्या बोलीत, मोठ्या अक्षरांत एका कार्डावर लिहून काढल्या. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे काढली. पेला, सूर्य, चंद्र, डोळा. तोडणीला निघणाऱ्या क्षयरुग्णाची निक्षय या शासकीय नोंदणीतील ओळख क्रमांकाची चिठ्ठी कार्डाच्या मागे चिकटविली जाते, म्हणजे ज्या गावी फड असेल तेथील सरकारी दवाखान्यात औषध पुढे चालू ठेवता येते. पोषणासाठीचे साहाय्यही, जे २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपये होते व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले, त्याच नोंदीवर मिळते. कार्डाच्या छपाईचा खर्च एका देणगीदारांनी उचलला. त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही.

परीक्षा पार पडली. तोंडी परीक्षेत एकीला 'तीस आणि पन्नास मिळून सत्तर कसे?' असे विचारण्यात आले, आणि तिला हसू आवरेना, असे समजले. निकाल हा अहवाल छापावयास जाईपर्यंत लागलेला नाही.

शेवटी देणगीदारांना एक विनंती. घरी उरलेल्या गोळ्या, अर्धी पाकिटे, फोडलेल्या बाटल्या पुष्कळ जण सद्भावनेने रुग्णालयात आणून देतात. त्यांतील प्रतिजैविके आम्ही यापुढे स्वीकारू शकणार नाही; ती कोणत्या उन्हात, किती दिवस पडून होती हे कळण्यास मार्ग नसतो, आणि उरलेल्या चार गोळ्यांनी कोणाचाही उपचार पुरा होत नाही. ज्यांना वस्तुरूपाने साहाय्य करावयाचे आहे त्यांच्यासाठी बालरुग्ण विभागाची निकड कळवितो. पाळण्यातील बाळाचे वजन दहा ग्रॅमपर्यंत अचूक दाखविणारा एक काटा, आणि औषधभांडारासाठी वीज गेली तरी थंडावा टिकवून धरणारे एक शीतकपाट. दोन्हींची दरपत्रके कार्यालयात ठेवली आहेत. सुटीचे दिवस वगळता सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत पाहावयास मिळतील.